मित्सुयो माएदा

मित्सुयो माएदा (१८ नोव्हेंबर १८७८ – २८ नोव्हेंबर १९४१) हे जपानमध्ये जन्मलेले आणि पुढे ब्राझीलचे नागरिकत्व स्वीकारलेले ज्युदोपटू, व्यावसायिक मल्ल व शिक्षक होते. स्पेन आणि लॅटिन अमेरिकेत ते 'कोंदे कोमा' या नावाने प्रसिद्ध होते. कोदोकान या ज्युदोच्या मूळ संस्थेत शिकून ते १९०४ मध्ये परदेशी गेले. त्यानंतर सुमारे बारा-तेरा वर्षे त्यांनी उत्तर अमेरिका, युरोप, क्यूबा, मेक्सिको, मध्य व दक्षिण अमेरिका येथे मल्ल, मुष्टियोद्धे आणि निरनिराळ्या युद्धकलांचे जाणकार यांच्याशी जाहीर सामने खेळले. ब्राझीलमधील बेलेम शहरी स्थायिक झाल्यावर त्यांनी दिलेल्या शिक्षणातून आज 'ब्राझिलियन जिउ-जित्सू' म्हणून ओळखला जाणारा प्रकार उगम पावला. आधुनिक मिश्र मार्शल आर्ट्सच्या पूर्वसूरींमध्ये म्हणूनच त्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. आयुष्याची शेवटची सोळा-सतरा वर्षे मात्र त्यांनी मुख्यतः अॅमेझॉनच्या जंगलात जपानी शेतकऱ्यांची वसाहत उभारण्याच्या कामात घालवली.

== बालपण व शिक्षण ==

माएदा यांचा जन्म उत्तर जपानमधील आओमोरी प्रांतात, हिरोसाकीजवळच्या फुनाझावा या खेड्यात झाला. लहानपणी त्यांना हिदेयो या नावाने हाक मारीत. हा मुलूख सुमो मल्लांसाठी नावाजलेला आहे. माएदा यांनीही कुमारवयात सुमोचे धडे घेतले, परंतु त्या खेळाला लागणारी शरीरयष्टी त्यांच्यापाशी नव्हती. प्रौढ वयातही त्यांची उंची सुमारे १६४ सेंटिमीटर आणि वजन पासष्ट ते सत्तर किलोंच्या दरम्यान होते. सुमोत वजनाला असलेले महत्त्व पाहता त्या वाटेने फार पुढे जाणे त्यांना शक्य नव्हते.

याच सुमारास कोदोकानच्या विद्यार्थ्यांनी जुजुत्सूच्या जुन्या घराण्यांवर मिळवलेल्या विजयांच्या कथा जपानभर पसरल्या होत्या. जिगोरो कानो या तरुण शिक्षकाने १८८२ मध्ये तोक्योतील एका बौद्ध मंदिराच्या आवारात मूठभर विद्यार्थ्यांना घेऊन ही संस्था सुरू केली होती. सामुराई वर्गाच्या अस्ताबरोबर मरणपंथाला लागलेल्या जुजुत्सूतील घातक डाव कानो यांनी वगळले, उरलेल्यांची नव्याने मांडणी केली आणि या नव्या विद्येला ज्युदो असे नाव दिले. पाठांतरासारख्या ठरावीक हालचालींपेक्षा प्रत्यक्ष झटापटीच्या सरावावर त्यांचा भर होता. किशोरवय सरता सरता माएदा शिक्षणासाठी तोक्योला आले. पुढे वासेदा विद्यापीठ म्हणून प्रसिद्धीस आलेल्या संस्थेत त्यांनी प्रवेश घेतला आणि लवकरच ते कोदोकानमध्येही दाखल झाले.

कानो यांनी या ठेंगण्या मुलाला त्सुनेजिरो तोमिता यांच्या हाती सोपवले. तोमिता हे कोदोकानचे अगदी पहिले विद्यार्थी. संस्थेच्या सुरुवातीच्या चार नामांकित शिष्यांत त्यांची गणना होत असे आणि त्या चौघांत ते चणीने लहान होते. लहान चणीच्या शिष्याला लहान चणीचाच वस्ताद देण्यामागे कानो यांचा निश्चित विचार असावा. काही वर्षांतच माएदा आणि सोइशिरो साताके हे दोघे कोदोकानच्या दुसऱ्या पिढीतील आघाडीचे खेळाडू मानले जाऊ लागले.

== अमेरिकेला प्रयाण ==

१९०४ च्या फेब्रुवारीत रशिया-जपान युद्ध सुरू झाले. एका लहान आशियाई देशाने बलाढ्य युरोपीय साम्राज्याला आव्हान दिल्यामुळे अमेरिकेत जपानविषयी विलक्षण कुतूहल निर्माण झाले. लहान माणसाने मोठ्याला पाडण्याची विद्या म्हणून जुजुत्सूचीही चर्चा होऊ लागली. कोदोकानचे योशित्सुगु यामाशिता हे तर राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनाच धडे देत होते. या अनुकूल वातावरणात ज्युदोचा प्रसार करावा, या हेतूने तोमिता आणि माएदा १९०४ च्या अखेरीस योकोहामाहून निघून न्यूयॉर्कला पोहोचले. तोमिता यांचे वय तेव्हा चाळिशीच्या घरात होते. ते गुरू, तर माएदा त्यांचे सहायक होते.

२१ फेब्रुवारी १९०५ रोजी वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीत त्यांचे प्रात्यक्षिक झाले. ठरल्याप्रमाणे आधी डावांची मांडणी दाखवण्यात आली. त्यात डाव टाकणारे तोमिता आणि पडणारे माएदा होते. त्यानंतर छात्रांनी प्रत्यक्ष झुंजीची मागणी केली. माएदा यांनी समोर आलेल्या छात्राला सहज पाडले. परंतु मांडणीत पाडणारे तोमिता होते, तेव्हा खरे वस्ताद तेच, असे मानून प्रेक्षकांनी त्यांनाही उतरण्याचा आग्रह धरला. स्वतः पाठीवर पडत प्रतिस्पर्ध्याच्या पोटाला पाय लावून त्याला डोक्यावरून भिरकावण्याचा डाव तोमिता यांनी एका धिप्पाड छात्रावर टाकला. तो फसला आणि छात्राचे सारे वजन त्यांच्या अंगावर आले. ही घटना व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या देखत घडली, अशी आवृत्ती नंतरच्या अनेक पुस्तकांत आढळते. समकालीन बातम्यांत मात्र स्थळ वेस्ट पॉइंट हेच आहे.

या प्रसंगाचे महत्त्व एका फसलेल्या डावापुरते नाही. पराभवाची बोच घेऊन वस्ताद पुढे मायदेशी परतले. शिष्य परतला नाही. माएदा यांच्या मनात त्या दिवशी काय आले हे सांगता येत नसले, तरी त्यांचा पुढील सारा प्रवास त्या दिवशी उभ्या राहिलेल्या प्रश्नाभोवती फिरत राहिला: ज्याला आपले नियम ठाऊक नाहीत, ज्याचे वजन आपल्या दीडपट आहे आणि जो आपल्या डावाला मान द्यायला बांधील नाही, अशा माणसासमोर ही विद्या टिकते का?

== इनामी सामने ==

उत्तर शोधण्याची जी वाट माएदा यांनी धरली, ती कोदोकानच्या शिकवणीशी जुळणारी नव्हती. कानो यांच्या दृष्टीने ज्युदो हे चारित्र्य घडवण्याचे साधन होते, आणि ते पैशासाठी रंगमंचावर मांडणे त्यांच्या संस्थेला मान्य नव्हते. परंतु परक्या देशात पोट भरायचे, तर शिकवणीचे उत्पन्न अपुरे पडत होते. त्या काळी अमेरिकेत आणि युरोपात व्यावसायिक कुस्तीला मोठा प्रेक्षकवर्ग होता. माएदा त्या फडात उतरले.

त्यांच्या सुरुवातीच्या लढतींचा निकाल संमिश्र आहे. मार्च १९०५ मध्ये न्यूयॉर्क अॅथलेटिक क्लबमध्ये त्यांचा सामना जॉन नेथिंग या सुमारे ९० किलो वजनाच्या मल्लाशी झाला. दोघे दोन वेगळ्या नियमांनी खेळत होते. अमेरिकन 'कॅच' कुस्तीत दोन्ही खांदे जमिनीला टेकले की मल्ल चीत झाला, असा आपल्याकडच्यासारखाच नियम. ज्युदोपटूच्या लेखी मात्र पाठीवर असणे म्हणजे हार नव्हे, कारण त्याचे गळा आवळण्याचे आणि सांधा पिळण्याचे कितीतरी पेच पाठीवर पडूनच चालतात. बराच वेळ चाललेल्या या झुंजीत अखेर खांदे टेकल्याच्या मुद्द्यावर निकाल नेथिंग यांच्या बाजूने लागला. त्याच वर्षाच्या शेवटी अटलांटा येथे सॅम मारबर्गर यांच्याबरोबर झालेला सामना अधिक बोलका आहे. तीन फेऱ्यांपैकी दोन ज्युदोचा अंगरखा घालून आणि एक त्याशिवाय खेळायची, असे ठरले होते. अंगरख्याच्या दोन्ही फेऱ्या माएदा यांनी जिंकल्या. उघड्या अंगाची फेरी मारबर्गर यांनी जिंकली.

मराठी वाचकासाठी हा फरक थोडा उलगडून सांगायला हवा. आपल्या लाल मातीतल्या कुस्तीत मल्लाच्या अंगावर लंगोट वा जांघ्याच असतो. पकड घ्यायची ती मनगटाची, मानेची, कमरेची किंवा पायाची. ज्युदोत जाड विणीचा अंगरखा, विजार आणि कमरपट्टा असतो. प्रतिस्पर्ध्याची गळपट्टी व बाही धरून त्याचा तोल बिघडवायचा आणि त्याच गळपट्टीने वेळप्रसंगी त्याचा गळा आवळायचा, ही या विद्येची खरी हत्यारे. अंगरखा उतरवला, की निम्मी हत्यारे गेली. सामन्याआधीच्या वाटाघाटींत माएदा अंगरख्याची अट का घालत, हे यावरून ध्यानात येईल. अट मान्य झाली की ते आपल्याहून पुष्कळ जड माणसाशीही बेधडक लढत.

== युरोप आणि 'कोंदे कोमा' ==

१९०७ मध्ये माएदा इंग्लंडला गेले. लंडनच्या नाट्यगृहांत तेव्हा कुस्तीचे खेळ भरगच्च गर्दीत चालत. युकिओ तानी हा त्यांचा देशबांधव तेथे आधीपासून नाव कमावून होता. १९०८ च्या जानेवारी ते मार्च या काळात अल्हाम्ब्रा नाट्यगृहात कॅच कुस्तीची मोठी स्पर्धा झाली. अंगरख्याशिवाय खेळल्या जाणाऱ्या या परक्या प्रकारात माएदा मध्यम आणि अवजड अशा दोन्ही गटांत उतरले. मध्यम गटात उपान्त्य फेरीत हेन्री इर्सलिंगर यांच्याकडून ते हरले. अवजड गटात मात्र ते थेट अंतिम फेरीपर्यंत गेले आणि तेथे जिमी एसन या दणकट स्कॉटिश मल्लाकडून पराभूत झाले. पासष्ट-सत्तर किलोंच्या माणसाने दुसऱ्यांच्या नियमांनी खेळून अवजड गटाची अंतिम फेरी गाठणे, ही गोष्ट त्यांच्या अनेक विजयांपेक्षा मोठी म्हणावी लागेल. (याच लंडनमध्ये दोनच वर्षांनी, १९१० साली, गामा पैलवान आपले नशीब अजमावण्यास आले.)

बेल्जियममार्गे माएदा स्पेनला पोहोचले आणि तेथे त्यांना ते नाव मिळाले, जे पुढे त्यांच्या मूळ नावाहून प्रसिद्ध झाले. नावामागची प्रचलित हकिकत अशी, की एका जपानी प्रतिस्पर्ध्याला आव्हान देताना स्वतःची ओळख लपवण्याची त्यांना गरज होती. त्या दिवसांत खिसा रिकामा होता. अडचणीत सापडणे या अर्थाचे 'कोमारु' हे जपानी क्रियापद त्यांना सुचले. त्यातील शेवटचे अक्षर गाळून 'कोमा' झाले. एका स्पॅनिश परिचिताने त्यापुढे 'कोंदे', म्हणजे उमराव, ही पदवी लावण्याची सूचना केली. अशा रीतीने फुनाझावाचा मुलगा 'अडचणीतला उमराव' बनला. जाहिरातीच्या फलकावर नाव भारदस्त दिसे. त्यातील विनोद फक्त जपानी जाणणाऱ्यांनाच कळत असेल.

== मेक्सिको व क्यूबा ==

१९०८ च्या डिसेंबरात ते अटलांटिक ओलांडून क्यूबाला गेले आणि पुढच्या वर्षी मेक्सिकोत दाखल झाले. जुलै १९०९ मध्ये मेक्सिको शहरातील एका नाट्यगृहात त्यांनी जाहीर केले, की ज्याला आपण पाडू शकणार नाही त्याला १०० पेसो आणि जो आपल्याला पाडेल त्याला ५०० पेसो मिळतील. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात नोबु ताका या जपानी प्रतिस्पर्ध्याने त्यांना हरवले, आणि चार दिवसांनी झालेल्या परतीच्या सामन्यात माएदा जिंकले. व्यावसायिक कुस्तीचा तेव्हाचा रिवाज पाहता पहिल्या निकालामागे परतीच्या सामन्याची तिकिटे खपवण्याचा हेतू नसेलच, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

क्यूबात परतल्यावर त्यांनी फ्रँक गॉच आणि जॅक जॉन्सन या दोघांना आव्हान दिले. गॉच हे कॅच कुस्तीचे, तर जॉन्सन हे अवजड गटातील मुष्टियुद्धाचे जगज्जेते होते. दोघांनीही दाद दिली नाही. फारशा परिचित नसलेल्या परदेशी मल्लाशी लढून त्यांच्या पदरात पडण्यासारखे काही नव्हते, आणि हरण्याचा धोका मात्र होता. १९११ च्या सुमारास साताके, अकितारो ओनो आणि तोकुगोरो इतो हे तीन ज्युदोपटू हवानामध्ये येऊन मिळाले. या चौघांना 'क्यूबाचे चार राजे' म्हणून ओळखले जाऊ लागले.

इकडे जपानमध्ये त्यांची कीर्ती पोहोचत होती. माएदा यांनी लिहून पाठवलेल्या हकिकतींवरून पत्रकार झानउन उसुदा यांनी तयार केलेले त्यांच्या जगप्रवासाचे पुस्तक १९१२ मध्ये तोक्योत प्रसिद्ध झाले आणि तरुण वाचकांना त्याने भुरळ घातली. त्याच वर्षीच्या जानेवारीत कोदोकानने त्यांना पाचव्या 'दान'ची श्रेणी दिली, परंतु ती विरोधावाचून मिळाली नाही. पैसे घेऊन नाट्यगृहात लढणाऱ्याला बढती देऊ नये, असे मानणारे ज्येष्ठ तेथे होते. या आक्षेपाला हलके लेखता येणार नाही. ज्या नियमाने ज्युदोला गल्लाभरू खेळ होण्यापासून वाचवले, तो नियम माएदा मोडत होते. मात्र त्यांच्या लढतींमुळेच ज्युदोचे नाव दूरदूरच्या गावांत पोहोचले, हेही तितकेच खरे.

== दक्षिणेकडे ==

१९१३ मध्ये माएदा व साताके मध्य अमेरिकेकडे निघाले. एल साल्वादोरमध्ये त्यांचा मुक्काम असतानाच तेथील राष्ट्राध्यक्षांची हत्या झाली. पनामात, ठरवून हरण्यासाठी, म्हणजे आपल्या भाषेत नुरा कुस्तीसाठी, त्यांना पैसे देऊ करण्यात आले आणि म्हणून त्यांनी तेथील मुक्काम हलवला, असे सांगितले जाते. कोलंबिया, एक्वादोर, पेरू, चिली, अर्जेंटिना असा प्रवास करताना वाटेत आणखी काही जपानी खेळाडू या चमूत सामील झाले. १४ नोव्हेंबर १९१४ रोजी हा चमू ब्राझीलच्या दक्षिणेकडील पोर्तो आलेग्रे बंदरात उतरला. पुढील वर्षभर गावोगाव खेळ करीत ते उत्तरेकडे सरकत गेले आणि १९१५ च्या डिसेंबरात अॅमेझॉनच्या मुखाजवळील बेलेम शहरी पोहोचले.

बेलेममध्ये त्यांच्या खेळाचा क्रम ठरलेला असे. आधी जुजुत्सूतील डावांचे प्रात्यक्षिक, मग स्वसंरक्षणाचे प्रयोग आणि शेवटी प्रेक्षकांतील कोणीही पुढे यावे असे आव्हान. जानेवारी १९१६ मध्ये नागिब आसेफ या तुर्की वंशाच्या ग्रीको-रोमन मल्लाला त्यांनी रंगमंचाबाहेर फेकले आणि शेवटी हाताचा सांधा अडकवून शरण आणले. त्यानंतर चमू फुटला. साताके मानाऊस येथे शिकवू लागले. माएदा पुन्हा एकदा युरोपला गेले आणि १९१७ मध्ये एकटेच बेलेमला परतले. याच शहरात त्यांनी लग्न केले आणि घर थाटले.

माएदा यांनी एकूण किती सामने खेळले, याविषयी एक हजारापासून दोन हजारांपर्यंत आकडे दिले जातात आणि अंगरखा घालून ते कधीच हरले नाहीत, असाही दावा केला जातो. हे आकडे बव्हंशी फलकांवरून व आठवणींवरून आलेले आहेत. 'जगज्जेता' ही त्यांच्या नावामागची उपाधीसुद्धा आयोजकांनी लावलेली होती, कारण अशा मिश्र नियमांच्या लढतींसाठी पदक देणारी कोणतीही संस्था तेव्हा अस्तित्वात नव्हती.

== लढण्याची पद्धत ==

इतक्या विविध प्रतिस्पर्ध्यांशी गाठ पडल्यामुळे माएदा यांची लढण्याची रीत शुद्ध ज्युदोपेक्षा वेगळी बनत गेली. मुष्टियोद्ध्यासमोर उभे राहून ठोसे झेलण्यात अर्थ नाही, हे त्यांनी ओळखले होते. खालच्या लाथेने वा कोपराच्या फटक्याने प्रतिस्पर्ध्याला क्षणभर गुंतवायचे, तेवढ्यात अंतर तोडून त्याला मिठीत घ्यायचे, खाली पाडायचे आणि जमिनीवर गळा किंवा सांधा पकडून शरणागती घ्यायची, असा त्यांचा साधारण क्रम होता. लढतीचे असे टप्पे पाडून, प्रत्येक टप्प्यात प्रतिस्पर्ध्याचे बलस्थान निकामी करण्याचा हा विचार आज मिश्र मार्शल आर्ट्सच्या कोणत्याही प्रशिक्षकाला ओळखीचा वाटेल.

== शिष्य व ग्रेसी घराणे ==

बेलेमचे वैभव तेव्हा ओसरले होते. रबराच्या पैशाने गजबजलेल्या या शहरात दा पाझ हे डौलदार नाट्यगृह १८७८ मध्ये, म्हणजे माएदा यांच्या जन्मवर्षीच, उघडले होते. १९१७ मध्ये याच नाट्यगृहात चौदा वर्षांच्या कार्लोस ग्रेसी या मुलाने माएदा यांचे प्रात्यक्षिक पाहिले आणि तो त्यांच्याकडे शिकू लागला, असे ग्रेसी घराण्याची परंपरा सांगते. कार्लोसचे वडील गास्ताँव ग्रेसी हे स्कॉटिश वंशाचे व्यावसायिक असून सर्कशीच्या निमित्ताने त्यांचा माएदांशी परिचय होता. कार्लोसला प्रत्यक्ष माएदांनी किती आणि त्यांचे ज्येष्ठ शिष्य जासिंतो फेर्रो यांनी किती शिकवले, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. काही वर्षांतच ग्रेसी कुटुंब रिओ दि जानेरोला गेले, हे पाहता शिक्षणाचा काळ अल्पच होता.

१९२१ मध्ये माएदा यांनी रेमो या नौकानयन क्लबच्या जागेत पहिली शाळा उघडली. ती चार मीटर लांब व तितकीच रुंद अशी एक शेड होती. पुढे ही शाळा अग्निशमन दलाच्या इमारतीत गेली. लुईझ फ्रान्सा हेही त्यांच्याकडे शिकले, आणि त्यांचे शिष्य ओस्वाल्दो फाद्दा यांनी रिओच्या गरीब वस्त्यांतील मुलांना ही विद्या दिली. ग्रेसी नाव नसलेली ही शाखा बहुतेक लेखांत विसरली जाते.

विद्येच्या नावाचा घोळही येथेच सुरू झाला. त्या काळी जपानबाहेर ज्युदो आणि जुजुत्सू हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जात आणि माएदा यांच्या जाहिरातींत जिउ-जित्सू हाच शब्द असे. जपानमध्ये यथावकाश ज्युदो हे नाव सर्वमान्य झाले. ब्राझीलमध्ये जुने नाव टिकले. तेव्हा ब्राझिलियन जिउ-जित्सूचा उगम प्राचीन जुजुत्सूत नसून कोदोकानच्या ज्युदोत आहे, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

कार्लोस यांनी १९२५ मध्ये रिओत शाळा काढली. त्यांचे धाकटे बंधू एलिओ यांनी कृश शरीराला झेपतील असे जमिनीवरचे पेच विकसित केले. १९५१ मध्ये रिओतील माराकाना मैदानात जपानचे मासाहिको किमुरा यांनी एलिओ यांचा खांदा पिळून त्यांना हरवले. तो पेच ब्राझीलमध्ये आजही 'किमुरा' या नावानेच शिकवला जातो. एलिओ यांचे पुत्र रॉयस यांनी १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे झालेल्या पहिल्या यूएफसी स्पर्धेत एकाच रात्री तिघांना शरण आणले. वेस्ट पॉइंटला माएदा यांच्या डोळ्यांदेखत उभ्या राहिलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच देशात अठ्ठ्याऐंशी वर्षांनी लक्षावधी प्रेक्षकांनी पाहिले.

== अॅमेझॉनमधील वसाहत ==

१९२१ च्या अखेरीस कॅरिबियन बेटांचा एक दौरा केल्यावर माएदा यांचे व्यावसायिक सामने जवळपास थांबले. त्यानंतर त्यांनी हाती घेतलेले काम त्यांच्या चरित्रांत बहुधा दोन ओळींत आटोपले जाते. वास्तविक ते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत जोखमीचे काम होते.

जपानी स्थलांतरितांना अमेरिकेची दारे १९०७-०८ पासून बंद होऊ लागली आणि १९२४ च्या कायद्याने ती पुरती मिटली. ब्राझीलकडे जाणारा ओघ त्यामुळे वाढला. त्यातील बहुतेक लोक दक्षिणेत साओ पावलोच्या कॉफीच्या मळ्यांवर मजुरीला जात. उत्तरेतील पारा राज्याचे गव्हर्नर दिओनिझिओ बेंतेस यांनी अॅमेझॉन खोऱ्यातील जंगलाची जमीन जपानी वसाहतीसाठी देऊ केली. बेलेममध्ये दोन्ही भाषा जाणणारा, दोन्ही बाजूंना विश्वासाचा वाटणारा जपानी माणूस म्हणजे माएदा. १९२५ पासून ते या योजनेत गुंतले. जमीन पाहण्यास येणाऱ्या मंडळींची व्यवस्था, सरकारी कचेऱ्यांतील खटपट आणि नंतर बोटीतून उतरणाऱ्या कुटुंबांची सोय त्यांनी पाहिली.

सप्टेंबर १९२९ मध्ये पहिली ४३ कुटुंबे, म्हणजे १८९ माणसे, बेलेमहून आकारा नदीच्या खोऱ्यातील वसाहतीकडे गेली. तोमे-आसू या नावाने ही वसाहत आज ओळखली जाते. तेथे कोकोची लागवड अपयशी ठरली. भात व भाजीपाला पिकला, तरी त्याला पुरेशी बाजारपेठ नव्हती. हिवतापाने माणसे दगावू लागली आणि पुष्कळ कुटुंबे साओ पावलोकडे निघून गेली. १९३५ च्या सुमारास योजना चालवणाऱ्या कंपनीनेही हात आखडता घेतला. आपल्या शब्दावर विसंबून आलेल्या माणसांची ही अवस्था माएदा यांना जवळून पाहावी लागली. तरीही ते बेलेम सोडून गेले नाहीत. दरम्यान त्यांनी ब्राझीलचे नागरिकत्व घेतले होते आणि ओताव्हिओ हे नाव धारण केले होते.

१९३३ मध्ये एका वसाहतवाल्याने बोटीच्या प्रवासात सिंगापूरहून काळ्या मिरीची वीस रोपे आणली. त्यांतील दोनच जगली. मलबारच्या मातीतली ही वेल अॅमेझॉनच्या दमट हवेत रुजली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर भाव कडाडल्यावर तोमे-आसूची भरभराट झाली. ती पाहण्यास माएदा हयात नव्हते.

== अखेर ==

मूत्रपिंडाच्या विकाराने २८ नोव्हेंबर १९४१ रोजी बेलेम येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा ते त्रेसष्ट वर्षांचे होते. कोदोकानने त्यांना सातव्या दानची श्रेणी आदल्याच दिवशी, २७ नोव्हेंबरला, दिली होती. ही वार्ता त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही. एकेकाळी त्यांच्या पाचव्या दानाला झालेला विरोध तोवर मावळला होता.

त्यांच्या मृत्यूनंतर नऊ दिवसांनी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. जानेवारी १९४२ मध्ये ब्राझीलने जपानशी संबंध तोडले, त्याच वर्षी बेलेममधील जपान्यांच्या घरांवर जमावाने हल्ले केले आणि शत्रुराष्ट्रांच्या नागरिकांना तोमे-आसूत स्थानबद्ध करण्यात आले. जी जागा माएदा यांनी देशबांधवांच्या नव्या घरासाठी मिळवून दिली होती, तीच काही वर्षे त्यांची छावणी बनली.

मे १९५६ मध्ये हिरोसाकी येथे माएदा यांचे स्मारक उभारण्यात आले. त्या समारंभाला जिगोरो कानो यांचे पुत्र आणि कोदोकानचे तत्कालीन अध्यक्ष रिसेई कानो उपस्थित होते.